‘इथली माती मानवत नाही’

गेल्या गणेशोत्सवात, आरती आटोपून प्रसादाचे द्रोण हातात असताना, आमच्या मंडळातील एका ज्येष्ठ गृहस्थांनी एक सिद्धांत मांडला. ते म्हणाले, "दिल्लीत कढीलिंब जगत नाही आणि मराठी माणूसही जगत नाही, दोघेही नुसते दिवस काढतात. इथली माती आपल्याला मानवत नाही, हेच खरे." भोवतालच्या आठ-दहा जणांनी माना डोलावल्या. कोणी आपल्या वाळून गेलेल्या अनंताची आठवण काढली, कोणी सासुरवाडीहून आणलेल्या जास्वंदीची. वातावरण असे हळवे झाले की त्या क्षणी विरोध करणे म्हणजे शोकसभेत टाळी वाजविण्यासारखे झाले असते. म्हणून मी गप्प राहिलो. तेव्हा जे बोललो नाही, ते आज लिहीत आहे.

हा सिद्धांत साफ खोटा आहे. मराठी माणसाविषयी त्या गृहस्थांना काय म्हणावयाचे असेल ते असो. कढीलिंबापुरते बोलावयाचे तर हे झाड हिमालयाच्या पायथ्याच्या रानांत, शिवालिकच्या टेकड्यांत, कोणी न लावता उगवते. म्हणजे पुण्या-साताऱ्यापेक्षा दिल्लीच त्याच्या एका माहेराला जवळ आहे. मी पूर्वी ज्या वसाहतीत राहत असे तेथे तळमजल्यावरील एका तमिळ कुटुंबाच्या अंगणात पहिल्या मजल्याच्या कठड्याला टेकलेला कढीलिंब होता, आणि निम्मी आळी त्याची पाने मागून नेत असे. तीच दिल्ली, तीच माती, तेच ऊन. फरक एवढाच, की ते झाड जमिनीत होते आणि आमची झाडे कुंडीत आहेत. शिवाय त्या कुटुंबातील आजीबाई झाडाकडे रोज पाहत असत आणि आम्ही झाडाविषयी रोज बोलतो.

पाहावयाचे म्हणजे काय पाहावयाचे? पान पिवळे पडले, एवढे सर्वांनाच दिसते. परंतु कोणते पान पिवळे पडले, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. आणि सारे निदान त्या एका प्रश्नात आहे. बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्या वाचकांना हे समजण्यास अडचण पडू नये. वनस्पतीच्या अन्नद्रव्यांतही बदलीयोग्य आणि बदलीस अपात्र असे दोन संवर्ग आहेत. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम यांची बदली होते. त्यांचा तुटवडा पडला की झाड जुन्या पानांतून ती काढून घेते आणि नव्या कोंबाकडे पाठवते. म्हणून तुटवड्याची खूण आधी खालच्या, जुन्या पानांवर उमटते. नत्र कमी असेल तर जुने पान सरसकट फिके पडून गळते. पालाश कमी असेल तर त्याच्या कडा करपतात. मॅग्नेशियम कमी असेल तर शिरांच्या मधला भाग पिवळा होतो, आणि लिंबूवर्गीय झाडात देठाजवळ उलट्या पाचरीसारखा हिरवा तुकडा राहतो. लोह, जस्त, मंगल, चुना यांची मात्र अशी बदली होत नाही. जेथे नेमणूक झाली तेथेच ती निवृत्त होतात. म्हणून त्यांचा तुटवडा पडला की जुनी पाने हिरवीगार राहतात आणि शेंड्याचे कोवळे पान पिवळे निघते. लोहाच्या तुटवड्यात त्या कोवळ्या पानाच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, जणू पिवळ्या कागदावर हिरव्या शाईने नकाशा काढला आहे. जस्ताच्या तुटवड्यात पान लहान आणि अरुंद निघून एकाच ठिकाणी झुबका होतो.

आता प्रत्येकाने घरी जाऊन आपला कढीलिंब, लिंबू, अनंत किंवा मोगरा पाहावा. दहांपैकी आठ ठिकाणी हिरव्या शिरांचे पिवळे कोवळे पान दिसेल, असे मी पैजेवर सांगतो. म्हणजे लोह. आणि आपण त्या कुंडीत घालतो काय? युरिया! म्हणजे नत्र. ताप हिवतापाचा आणि औषध नायट्याचे, असा हा प्रकार आहे.

येथे कोणी म्हणेल, मातीत लोह कमी आहे म्हणजे माती वाईटच की! नाही. दिल्लीच्या मातीत लोह भरपूर आहे. यमुनेने आणून टाकलेल्या या गाळात, आणि विशेषतः नदीपासून दूरच्या उंचवट्यावरील जुन्या गाळात, चुनखडीचे खडे आहेत. त्यामुळे ही माती विम्लधर्मी आहे. तिचा सामू सामान्यतः साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो. सामू एका अंकाने चढला की पाण्यात विरघळलेल्या लोहाचे प्रमाण सुमारे हजारपटीने उतरते. लोह मातीत पडून आहे, पण मुळांच्या हाती लागत नाही. सरकारी भाषेत सांगावयाचे तर निधी मंजूर आहे, वितरित झालेला नाही. अशा वेळी नवी मागणी पाठवून काय उपयोग? फाइल कोठे अडली आहे ते शोधले पाहिजे.

ती अडते बहुधा पाण्यात. द्वारकेत, नोएडात, गुरुग्रामात ज्यांच्याकडे कूपनलिकेचे पाणी येते त्यांच्या बादल्यांवरील पांढरी पुटे त्यांना रोज दिसत असतील. शिवाय आपण सारे मोठे काटकसरी! पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून जे टाकाऊ पाणी निघते ते वाया कसे घालवावयाचे, म्हणून झाडांना घालतो. जलबचतीचे हे पुण्य झाडांच्या जिवावर पदरात पाडून घेतलेले असते. हिशेब करून पाहा. यंत्रात लिटरला ६०० मिलिग्रॅम क्षार असलेले पाणी शिरले आणि चौथा हिस्सा शुद्ध होऊन निघाला, तर उरलेल्या पाण्यात लिटरला सुमारे ८०० मिलिग्रॅम क्षार राहतात. मे-जूनच्या उन्हाळ्यात कुंडीला रोज एक लिटर पाणी लागते. पाणी उडून जाते, क्षार उडत नाहीत. दोन महिन्यांत जवळजवळ ५० ग्रॅम क्षार त्या कुंडीत जमा झाले. कुंडीला भोक नसेल, किंवा खालच्या फरशीवर डाग पडू नयेत म्हणून गृहिणीने (किंवा गृहस्थाने, आमच्या घरी तो अपराध माझा) ते बुजवले असेल, तर ते क्षार जाणार कोठे? त्यांतील चुना मातीत बसतो, सामू आणखी चढतो, आणि मग आपण म्हणतो, इथली माती मानवत नाही! माती बिचारी नर्सरीतून आली तेव्हा बरी होती.

आता युरिया-पंथाचा समाचार घेतला पाहिजे, कारण हा पंथ फार मोठा आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते. गव्हासारख्या खादाड पिकालाही एका हेक्टरला १२० किलो नत्राची शिफारस केली जाते. म्हणजे एका चौरस मीटरला १२ ग्रॅम. दहा इंची कुंडीचे तोंड चौरस मीटरचा विसावा हिस्सा असते. तिच्या वाट्याला आले जेमतेम ०.६ ग्रॅम नत्र, म्हणजे सुमारे सव्वा ग्रॅम युरिया, आणि तेही साऱ्या हंगामात मिळून. चहाच्या एका चमच्यात सुमारे चार ग्रॅम युरिया मावतो. आमच्याकडे माप चमच्याचे नसून मुठीचे आहे. एका मुठीत तीस हंगामांचा शिधा एकाच सकाळी त्या कोवळ्या मुळांवर पडतो, तेथे त्याचा अमोनिया होतो, आणि विम्लधर्मी मातीत अमोनिया मुळांना जाळतो. पान आणखी पिवळे पडते. मग आणखी एक मूठ. मेलेल्या झाडाच्या शवविच्छेदनाची आपल्याकडे प्रथा नाही, म्हणून हे गुन्हे उघडकीस येत नाहीत.

मुठीची ही सवय आपल्या एकट्याची नाही. २०१० साली स्फुरद आणि पालाश यांच्या खतांचे भाव बरेचसे मोकळे झाले, युरियाचा भाव मात्र बांधलेलाच राहिला. २०१८ पासून ४५ किलोच्या पोत्याला २४२ रुपये, कर आणि निंबोळी तेलाच्या लेपाचा खर्च वेगळा. जी वस्तू स्वस्त ती भरपूर पडणारच. त्याच सरकारने १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानात सुरतगढ येथे मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. आधी मातीच्या बारा तपासण्या करा, मग खत घाला, असे तिचे सांगणे. म्हणजे एका हाताने परीक्षेचा आग्रह आणि दुसऱ्या हाताने परीक्षेवाचून उत्तीर्ण करणारे पोते. सेवानियमांच्या मर्यादेत राहून यापुढे काही बोलणे योग्य नव्हे. परंतु बाल्कनीतील चार कुंड्यांचे धोरण तर आपल्याच हाती आहे ना?

दुसरा पंथ सात्त्विकांचा. यांना युरियाचे नावही चालत नाही. हे अंड्यांची टरफले कुस्करून घालतात, होमाची राख घालतात, आणि "आमच्या रत्नागिरीस आजी असेच करी," असा दाखला देतात. आजीबाई बरोबर होत्या. कोकणची जांभ्याची माती आम्लधर्मी आहे. पावसाने तिच्यातील चुना धुऊन नेलेला असतो. तेथे राख घातली की आम्लता उतरते आणि झाड हसते. दिल्लीची माती आधीच चुन्याने भारलेली. तिच्यात टरफले आणि राख घालणे म्हणजे सर्दी झालेल्यास थंड पाण्याने न्हाऊ घालणे. आजीचा उपाय आपण आणला, पण आजीची माती आणली नाही. खरे तर उपायच काय, आजीचे डोळे आणावयास हवे होते.

ताकाविषयी मात्र मला थोडे नमते घ्यावे लागते. कढीलिंबाला आंबट ताक घालण्याची रीत आपल्याकडे घरोघर आहे, आणि गंमत अशी की ती आम्ल मातीपेक्षा दिल्लीतच अधिक शोभते. ताकातील आम्लाने मुळांजवळची विम्लता किंचित मोडते. पण आठवड्याला एक वाटी ताक आणि रोज एक तांब्या क्षारयुक्त पाणी, या झुंजीत कोण जिंकणार हे सांगावयास नको.

घाटमाथ्यावरच्या वाचकांनी येथे मिशीत हसू नये. देशावरच्या काळ्या मातीतही चुनखडी आहे, आणि उसाचे पान जेव्हा पिवळे-पांढरे पडते तेव्हा आपले शेतकरी म्हणतात, ‘केवडा पडला’. तो लोहाचाच तुटवडा. पण बाजरीवरही केवडा पडतो, आणि तो बुरशीचा रोग आहे. नाव एक, रूप जवळपास एक, कारणे दोन. उसाला बुरशीनाशक आणि बाजरीला लोह दिले तर दोन्ही पिके बुडतील. नाव ठाऊक असले म्हणजे निदान झाले, असे समजणाऱ्यांनी एवढे एकच उदाहरण ध्यानात ठेवावे.

निदान कसे करावे याचा आदर्श हवा असेल तर तो आपल्याच एका माणसाने, आपल्यासारखेच घरापासून दूर नोकरी करीत असताना, घालून दिला आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत, पंतनगर येथे १९६० साली नवे कृषि विद्यापीठ उभे राहिले. त्या भागात भाताच्या पिकावर काताच्या रंगाचे तांबूस डाग पडत आणि रोपे खुरटत. लोक त्याला ‘खैरा’ म्हणत. यशवंत लक्ष्मण नेने हे तेथे वनस्पतिरोगशास्त्रज्ञ होते. रोगशास्त्रज्ञाच्या हाती डाग पडलेले पान आले म्हणजे त्याने त्यात बुरशी, जंतू किंवा विषाणू शोधावा, हा त्याचा धर्म आणि त्याचे पोटही. नेने यांनी १९६६ साली सांगितले, की हा रोगच नव्हे. हा जस्ताचा अभाव आहे. जस्ताचे सल्फेट आणि थोडा चुना पाण्यात मिसळून फवारल्यावर पीक सावरले. आपल्या शास्त्राच्या दारात आलेले गिऱ्हाईक ‘हे आमचे नव्हे’ असे सांगून शेजारच्या दारी पाठविण्यास केवढा प्रामाणिकपणा लागतो, हे कार्यालयात बसणाऱ्यांना निराळे सांगावयास नको; आपल्याकडे नेमके उलट होते, कागद आपला असला तरी शेजारी जातो. याच नेन्यांनी पुढे सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’ची ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातील हस्तलिखिताची प्रत मिळविली आणि १९९६ साली नलिनी साधले यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्या ग्रंथात झाडांच्या रोगांची विभागणी वात, पित्त आणि कफ यांनुसार आहे. आज आपण ती मानू अथवा न मानू. पण आधी लक्षण, मग कारण, मग उपाय, हा क्रम त्या जुन्या वैद्यानेही सोडलेला नाही. तो आपण सोडला आहे.

दिल्लीच्या मातीवर ज्यांचा अजूनही राग असेल त्यांनी आपल्या वसाहतीच्या मागे, जेथे कचरा पडतो तेथे, एकदा जाऊन यावे. तेथे भांगेची झाडे माजलेली दिसतील. कोणी पाणी घालीत नाही, कोणी खत घालीत नाही, आणि पान पाहावे तर काळेभोर हिरवे! कारण तिची मुळे कुंडीत नाहीत, खोल जमिनीत आहेत; उकिरड्याचे नत्र तिला आयते मिळते, आणि पावसाळ्यात क्षार खाली धुऊन जातात. (कोणी तिला कौतुकाने घरी आणू नये. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने परवान्यावाचून या झाडाची लागवड करणे हा गुन्हा आहे. शासकीय सेवकाने तर तिच्याकडे फार वेळ पाहूही नये.) जी माती भांगेला मानवते ती कढीलिंबाला मानवत नाही, हे म्हणणे मला तरी पटत नाही.

अंगण गेले, हे मात्र खरे दुःख आहे आणि त्याविषयी मी थट्टा करणार नाही. सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर येथील जुन्या घरांच्या जागी मनोरे बांधण्याची योजना २०१६ साली मंजूर झाली. २०१८ साली तेथील झाडांच्या तोडीवरून लोक रस्त्यावर आले आणि उच्च न्यायालयाने तोड थांबविली, हे पुष्कळांना आठवत असेल. जमिनीतले झाड आपली चूक पोटात घालते. मूळ चार हात पुढे जाऊन आपले अन्न शोधते. कुंडीतले झाड कैदेत आहे. कैद्याला जे मिळते ते तुरुंगाधिकाऱ्याच्या हातून मिळते. म्हणून तुरुंगाधिकारी अधिक शहाणा असला पाहिजे.

मी तो नव्हतो, हे कबूल करून टाकतो. माझ्या आईने साताऱ्याहून येताना मांडीवर धरून एक लिंबाचे रोप आणले होते. पहिल्या वर्षी ते चांगले वाढले. दुसऱ्या वर्षी जानेवारीत पाने पिवळी पडून गळू लागली. मी युरिया घातला. थंडी होती, मुळे झोपलेली होती, त्यांनी काहीच घेतले नाही. मी पुन्हा घातला. फेब्रुवारीत ऊन चढले, तोपर्यंत खोड सालीपासून काळे पडले होते. आईला मी पत्रात लिहिले, की इथली हवा त्याला मानवली नाही. ते वाक्य तिने खरे मानले आणि पुन्हा कधी रोप आणले नाही. त्या गणेशोत्सवात त्या गृहस्थांच्या तोंडून तेच वाक्य मी ऐकले, तेव्हा राग आला तो त्यांचा एकट्याचा नव्हता.

जानेवारीचे पिवळे पान हा तुटवडा नव्हे, ऋतू आहे. पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो तेव्हा कढीलिंब पाने टाकून स्वस्थ बसतो. त्याला त्या वेळी अन्न नको, फारसे पाणीही नको. उन्हात ठेवावे आणि रात्री आडोशाला घ्यावे. फेब्रुवारीच्या अखेरीस कोंब फुटतो. तो कोंब जर पिवळा निघाला, तर मग विचार करावा.

आणि त्या वेळीही एकदम कुंडीत हात घालू नये. बाजारात हिराकस मिळते. खडे हिरवट असावेत. तांबूस पडलेले असतील तर घेऊ नये, त्यांतील लोह झाडाच्या कामाचे राहिलेले नसते. एक लिटर गोड्या पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवावे, आणि संध्याकाळी एका पिवळ्या पानाचा अर्धाच भाग त्या पाण्याने रंगवावा. आठ-दहा दिवस वाट पाहावी. रंगवलेला अर्धा हिरवा झाला आणि उरलेला पिवळाच राहिला, तर लोहाचा तुटवडा सिद्ध झाला. मग सर्व झाडावर फवारावे, आणि पुढे काही दिवस ती पाने धुतल्यावाचून फोडणीत घालू नयेत. काहीच फरक पडला नाही तर तुमचे निदान चुकले आणि एका पानापलीकडे काही बिघडले नाही. एवढी स्वस्त आणि एवढी निर्णायक परीक्षा मला दुसरी ठाऊक नाही.

फवारणी हा मात्र तात्पुरता दिलासा. पुढचा कोंब पुन्हा पिवळा निघेल. मूळ दोष काढावयाचा तर कुंडीचे भोक मोकळे करून, मातीच्या आकारमानाच्या दुप्पट गोडे पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढावेत. यंत्राचे टाकाऊ पाणी फरशी धुण्यास ठेवावे. उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्राच्या नळीतून जे पाणी साऱ्या दिल्लीभर रस्त्यांवर ठिबकत असते ते जवळजवळ निःक्षार असते; ते बादलीत धरावे. नर्सरीवाले रोप देतात ते पुष्कळदा चिकणमातीच्या गोळ्यात बांधलेले असते. दुसऱ्या कुंडीत लावताना तो गोळा हलक्या हाताने मोकळा करावा. मातीत तिसरा हिस्सा पालापाचोळ्याचे कुजलेले खत आणि चिमूटभर गंधक मिसळावे. मातीतील जिवाणू गंधकाचे आम्ल करतात, परंतु त्यास आठवडे लागतात, आणि तोपर्यंत आपला धीर टिकला पाहिजे.

पाचोळा कोठून आणावा, असे कोणी विचारू नये. मार्च-एप्रिलात दिल्लीतील कडुनिंब आणि पिंपळ रस्ते भरून पाने टाकतात. ती उघड्यावर जाळण्यास हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली बंदी केली आणि ५,००० रुपये दंड ठेवला, तरी कोपऱ्याकोपऱ्यावर धूर दिसतोच. जे खत झाडाने स्वतः खाली टाकले ते आपण जाळतो आणि पिशवीतले विकत आणतो. येत्या मार्चमध्ये आमच्या इमारतीच्या मागील भिंतीजवळ मी पाचोळ्याचा एक खड्डा भरणार आहे. चौकीदाराशी बोलणे झाले आहे. मंडळातील ज्यांना हवे असेल त्यांनी पोती घेऊन यावे. हिराकसही माझ्याकडे पाव किलो आहे. एका घराला दहा ग्रॅम पुष्कळ होते. त्या ज्येष्ठ गृहस्थांकडे मी स्वतः जाणार आहे. त्यांच्या बाल्कनीतील कढीलिंब अद्याप मेलेला नाही, हे मी खालून जाता-येता पाहून ठेवले आहे.